कानाच्या पाळीला हात

तुमचे पत्र आणि त्यासोबतची दोन्ही ध्वनिमुद्रणे मिळाली. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नऊ वर्षे शिकून, विशारद होऊन, नोकरी सांभाळून रोज पहाटे दीड तास रियाज करूनही आपले गाणे मागे चालले आहे असे तुम्हांला वाटते, तुमच्यानंतर तीन वर्षांनी शिकायला आलेली मैत्रीण आज स्पर्धा जिंकते आणि लहान मैफली गाते, तुमचे गुरुजी कधी ‘छान’ म्हणत नाहीत, फक्त ‘पुन्हा’ म्हणतात, आणि गुरूचे नाव घेताना गायक कानाच्या पाळीला हात लावतात ती नम्रता खरी असते की नुसती रीत, अशी शंका तुमच्या मनात घर करून बसली आहे. शेवटच्या ओळीत तुम्ही विचारले आहे की, गाणे सोडून द्यावे का.

मी मिरजेत चौतीस वर्षे गाणे शिकवते आहे. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत अनेकांनी मला विचारला आहे आणि एके काळी मीही तो माझ्या गुरुजींना विचारला होता. त्यामुळे नुसता धीर देऊन तुमची बोळवण करणे मला बरे वाटत नाही. उत्तर थोडे लांबेल, ते सवडीने वाचा.

दोन्ही ध्वनिमुद्रणे मी शेजारी तानपुरा लावून तीन-तीन वेळा ऐकली. पाच वर्षांपूर्वीच्या भूप रागात तुमचा आवाज मोकळा आहे, ताना धावतात, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्यात ऐट आहे. मात्र गांधार, म्हणजे ‘ग’, प्रत्येक वेळी चढा लागतो, आणि तो चढा लागतो आहे याची गाताना तुम्हांला गंधवार्ताही नाही, कारण त्याच्यावरून तुम्ही निःशंकपणे पुढे निघून जाता. गेल्या महिन्यातल्या भूपात तुम्ही गांधाराकडे येताना दबकता. दोन ठिकाणी स्वर लावून तो किंचित खाली घेता, आणि चौथ्या मिनिटाला तर आवर्तन अर्धे सोडून नुसत्या षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, थांबता. सहज ऐकणाऱ्याला पहिले गाणे अधिक आवडेल यात शंका नाही. परंतु दुसऱ्या ध्वनिमुद्रणात ज्या सात ठिकाणी तुम्ही गांधारावर ठहराव घेतला आहे, त्यांपैकी पाच ठिकाणी तो आपल्या जागेवर आहे. पहिल्या ध्वनिमुद्रणात तो एकदाही जागेवर नाही.

गळा आणि कान एका वेगाने वाढत नाहीत, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने कळते. सुरुवातीची काही वर्षे गळा पुढे असतो, कारण पलटे घोटून घोटून त्याला वळण लागते आणि कान मात्र अजून ढोबळच ऐकत असतो. मग केव्हातरी, बहुधा सहाव्या-सातव्या वर्षाच्या आसपास, कान जागा होतो आणि बघता बघता गळ्याच्या पुढे निघून जातो. त्या दिवसापासून माणसाला आपले गाणे बिघडले असे वाटू लागते. प्रत्यक्षात ते आधीही तसेच होते, आता ते ऐकू येऊ लागले आहे, एवढाच फरक असतो. माझ्या पाहण्यात शिकणे सोडून गेलेले निम्म्याहून अधिक विद्यार्थी नेमके याच टप्प्यावर सोडून गेले, आणि ते सर्वांत चांगले ऐकणारे होते, ही गोष्ट मला आजही हळहळायला लावते. ज्यांचा कान कधीच जागा झाला नाही, ते सुखाने गात राहिले.

तुम्ही सुरुवातीपासून पेटीच्या साथीने शिकलात असे लिहिले आहे, म्हणून गांधाराविषयी थोडे अधिक सांगते. तानपुऱ्याच्या शेवटच्या, पितळेच्या खर्जाच्या तारेवर बोट फिरवले की आपण फक्त मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, षड्ज छेडतो. पण तार एकाच वेळी आपल्या मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वेगानेही हलत असते, आणि त्यातले पाचपटीचे कंपन म्हणजे तार सप्तकातला, अर्थात वरच्या सप्तकातला, गांधार होय. जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला मिळणारा झणकार, नीट लागली असेल, घोडीवरच्या तारेखालचा दोरा नेमक्या जागी सरकवला असेल आणि चारही तारा एकमेकींशी मिळाल्या असतील, तर कोणीही न छेडलेला तो गांधार खोलीत आपोआप बोलू लागतो. जुनी माणसे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. पेटीचा गांधार याच्याहून वेगळा आहे. पेटीच्या सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गांधार तानपुऱ्यातल्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण सातव्या भागाइतका. तुमचा पाच वर्षांपूर्वीचा गांधार नेमका पेटीचा आहे. तो तुमच्या गळ्याने अतिशय प्रामाणिकपणे उचलला होता, त्यामुळे त्याची लाज वाटून घेण्याचे काही कारण नाही.

अब्दुल करीम खाँसाहेबांनी आमच्या या गावात आयुष्याचा मोठा काळ काढला आणि १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना चिरविश्रांती मिळाली. तानपुरा लावण्यातल्या त्यांच्या चोखंदळपणाविषयी इथल्या तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांच्या घरांत अजूनही बोलले जाते. इतका मोठा गवई गाण्याआधी खुंट्या आणि मणी यांच्याशी का झटत राहतो, असे मला लहानपणी वाटे. आता वाटते की, आपल्याला जे स्वर लावायचे आहेत ते आपल्याआधीच तिथे आहेत, याची खात्री करून घेतल्याशिवाय त्यांना तोंड उघडावेसे वाटत नसावे.

आपल्या आवाजाबद्दलची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपण स्वतःचा आवाज केवळ हवेतून ऐकत नाही; कवटीच्या हाडांतूनही तो आतल्या आत कानापर्यंत पोहोचतो, आणि त्या वाटेने येताना त्याला खालच्या सुरांचा भरदारपणा मिळतो. म्हणून ध्वनिमुद्रणातला आपला आवाज परका, पातळ आणि उघडा पडलेला वाटतो. माणसाचा स्वभावही काहीसा असाच आहे; आपले बोलणे, आपले हेतू आपल्याला आतून ऐकू येतात, म्हणून ते नेहमीच भरदार आणि समर्थनीय वाटतात, आणि दुसरा जे ऐकतो ते आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. मला हे फार उशिरा कळले आणि ज्या प्रसंगाने कळले तो तुम्हांला सांगते.

मी चोवीस वर्षांची असताना सांगलीत एका घरगुती बैठकीत संध्याकाळी भूप गायले. त्या काळात माझ्या गळ्यात तार षड्जावरून धैवतावर उतरण्याची एक जागा फार सुरेख बसली होती. ती घेतली की ‘वाह’ यायची; म्हणून मी ती पुन्हा पुन्हा घेत राहिले आणि दर वेळी धैवतावर विसावत राहिले. भूप आणि देशकार या दोन्ही रागांचे स्वर पाचच आणि तेच आहेत, सा, रे, ग, प, ध. फरक आहे तो वजनाचा. भूपाचा जीव गांधारात आणि सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात आहे, तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग आहे. देशकार सकाळचा, त्याचा जीव धैवतात आणि त्याचा संचार वरच्या अर्ध्यात. बैठक संपल्यावर एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षक माझ्याजवळ आले आणि अगदी मृदूपणे म्हणाले, ‘बाई, गळा गोड आहे. पण संध्याकाळी देशकार का बरे गायलात?’

त्या रात्री सांगलीहून मिरजेला परतताना वाटभर मी मनात त्यांच्याशी भांडत होते. हे गृहस्थ स्वतः गात नाहीत. अमुक मोठे गायकही भूपात धैवतावर थांबतात. इतर सगळ्यांना गाणे आवडले होते. मुलींनी पुढे जाऊ नये असे वाटणाऱ्यांपैकी ते असतील. एका वाटेत मी त्यांच्याविरुद्ध इतके पुरावे गोळा केले, पण आपण खरोखर काय गायलो हे एकदाही आठवून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी माझी बाजू घेतील अशा खात्रीने मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मला तोच भूप गायला लावला. मी धैवतावर थांबले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले, त्या वृद्ध शिक्षकांचे नाव उच्चारले आणि स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावला. ‘चूक माझी आहे,’ ते म्हणाले, ‘मी ऐकले नाही, त्यांनी ऐकले.’

तुमच्या शंकेचे माझ्यापाशी असलेले उत्तर या प्रसंगात आहे. कानाच्या पाळीला हात लावणे हे पुष्कळदा रीत म्हणूनच केले जाते, हे मी नाकारत नाही. मंचावर निवेदकाने नाव घ्यावे आणि पुढच्या रांगेतल्या सगळ्यांचे हात एकदम कानाकडे जावेत, हे आपण दोघींनीही पाहिले आहे. मराठीत कानाला खडा लावणे म्हणजे एखादी गोष्ट पुन्हा न करण्याची शपथ घेणे. गवयाच्या त्या हातात एवढ्या मोठ्या नावाचा आपल्या तोंडून उच्चार झाला याची क्षमा मागण्याचा भाव असतो, असे परंपरेत सांगतात. पण गुरुजींचा हात त्या दिवशी ज्या कारणाने कानाकडे गेला, ते मला अधिक खरे वाटते. जो अवयव कमी पडला, त्यालाच त्यांनी स्पर्श केला होता. तेव्हापासून नम्रता हा मला स्वभावाचा किंवा वागण्या-बोलण्याचा गुण वाटत नाही, ती ऐकण्याची क्षमता वाटते. जो नीट ऐकतो त्याला गर्व करायला सवड मिळत नाही, कारण प्रत्येक स्वराबरोबर त्याला स्वतःचे उरलेले अंतरही ऐकू येत असते. आणि त्याच कारणाने त्याला न्यूनगंडही होऊ नये, कारण जागेवर लागलेला स्वरही त्याला तितक्याच स्पष्टपणे ऐकू आलेला असतो. ‘मला काही येत नाही’ असे सतत म्हणणारा विद्यार्थी मला नम्र वाटत नाही. तोही ऐकत नसतो.

पुढचे सात महिने गुरुजींनी मला भूपाच्या गांधाराखेरीज जवळजवळ काही गाऊ दिले नाही. रिषभावरून गांधार, पंचमावरून गांधार, षड्जावरून थेट गांधार, गांधारावरून परत षड्ज. पहिले दोन महिने मी मनातून धुमसत होते. तिसऱ्या महिन्यात कंटाळा आला. नंतर कधीतरी, नेमके कधी ते आठवत नाही, कंटाळा जाऊन त्या एका स्वरात मला पुष्कळ काही दिसू लागले.

मैत्रिणीविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते लिहायला धैर्य लागते, आणि त्याला मी वरवरचे उत्तर देणार नाही. मत्सर वाटू नये असे सांगून तो थांबत नाही. माझी एक गुरुभगिनी माझ्याहून वयाने लहान होती, तिची तान विजेसारखी होती आणि तिला बोलावणी माझ्याआधी येऊ लागली. मी तिला कधी टाकून बोलले नाही, उलट सगळ्यांसमोर तिचे कौतुक करत असे, आणि मला वाटे की मी मत्सरावर मात केली आहे. पण ती गात असताना माझे कान एकच काम करत होते: ती कुठे चुकते ते शोधण्याचे. तिची लय कुठे सरकते, कुठे श्वास तुटतो, हे मला आजही सांगता येईल. ती तान इतकी स्वच्छ कशी घेते, जबड्याची हालचाल किती कमी करते, तानेआधी श्वास कुठे घेते, हे मात्र मी आठ वर्षे तिच्या शेजारी बसून ऐकलेच नाही. ती गोष्ट पुढे चाळिशीत मला एका विद्यार्थिनीकडून शिकावी लागली. मत्सर पाप आहे की नाही हे मला ठाऊक नाही. तो कानाचा अर्धा भाग बंद करतो एवढे मी अनुभवाने सांगू शकते. तुम्ही मैत्रिणीच्या पुढच्या कार्यक्रमाला जा, आणि तिची एकच गोष्ट शिकून यायची असे ठरवून जा. मन कडवट झाले तरी चालेल, कान उघडा ठेवा.

आता गुरुजींच्या ‘पुन्हा’विषयी. तुमचे गुरुजी मला परिचित नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी मत देणार नाही. पण शिकवणाऱ्याच्या मौनाचे दोन प्रकार असतात आणि ते ओळखता आले पाहिजेत. एका मौनात तो तुमचा स्वर न् स्वर ऐकत असतो, ‘पुन्हा’ म्हणताना नेमके काय पुन्हा हे त्याला माहीत असते, आणि विचारले तर तो सांगतो. दुसऱ्या मौनात तो ऐकतच नसतो, किंवा शिष्याला कायम खालच्या पायरीवर ठेवण्यासाठी मौनाचा वापर करत असतो. आपल्या परंपरेत गुरुसेवेच्या आणि शरणागतीच्या नावाखाली अनेकांनी, विशेषतः मुलींनी, जे सोसले आहे त्याला नम्रता म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या ठिकाणी प्रश्न विचारायची भीती वाटते तिथून उठून जाणे हा विद्येचा अपमान नाही. तुम्ही गुरुजींना एकदा सरळ विचारा, ‘पुन्हा म्हणता तेव्हा माझे काय राहिलेले असते?’ उत्तरावरून तुम्हांला कळेल.

याबाबत माझ्या हातून एक मोठी चूक घडली आहे. पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी शिकत होती, जिच्या स्वरात असा ठहराव होता की ती षड्ज लावायची तेव्हा मी हातातले काम थांबवत असे. मी तिला ते कधीच सांगितले नाही. कौतुक केले तर ती बिघडेल, असे माझ्या गुरुजींकडून आलेले आणि मी कधीही न तपासलेले तत्त्व मी पाळत राहिले. एके दिवशी तिच्या आईने फोन करून सांगितले की ती यापुढे येणार नाही, कारण आपल्याला गाणे जमत नाही असे तिला वाटते. मी तिच्या घरी गेले आणि सगळे सांगितले. ती शांतपणे ऐकून म्हणाली, ‘हे तुम्ही आज म्हणताय.’ ती परत आली नाही. त्यानंतर विद्यार्थ्याचा स्वर लागला की मी त्याच क्षणी तसे म्हणते. कोणी बिघडलेले मी अजून पाहिलेले नाही.

तुम्ही असेही लिहिले आहे की थोर कलावंतांमध्ये नम्र माणसे फारशी दिसत नाहीत, मग नम्रतेचा आणि कलेचा संबंध काय. केसरबाई केरकरांचे उदाहरण या ठिकाणी विचार करण्यासारखे आहे. त्यांचा करारीपणा आणि श्रोत्यांवरचा दरारा सर्वश्रुत आहे. त्यांना कोणी नम्र म्हटले नसते. पण गोव्यातल्या केरी गावातून आलेली ही मुलगी लहान वयापासून अनेक गुरूंकडे तुटक तुटक शिकली, आणि १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांकडे रीतसर तालीम सुरू झाली तेव्हा ती तिशीच्या उंबरठ्यावर होती. त्या वयात, आधी गाऊन नाव मिळवलेले असताना, सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसणे, आणि खाँसाहेबांच्या अखेरपर्यंत म्हणजे १९४६ पर्यंत शिष्या म्हणून राहणे, याला मी नम्रताच म्हणते. लोकांसमोर मान ताठ आणि स्वरासमोर मान खाली, असे त्यांचे होते. साठच्या दशकात त्यांनी जाहीर मैफली स्वतःहून थांबवल्या. आपल्यातल्या अनेकांचे नेमके उलट असते. लोकांसमोर आपण वाकतो आणि तानपुऱ्यासमोर बसलो की आपल्याला सगळे येते.

खुद्द अल्लादिया खाँसाहेबांची हकीकत तर प्रयत्न या शब्दाविषयीच्या आपल्या कल्पना तपासून पाहायला लावते. तरुणपणी एका छोट्या संस्थानात दरबारी गायक असताना प्रमाणाबाहेर गाणे भाग पडल्याने त्यांचा आवाज गेला. काही काळाने तो परत आला, पण पूर्वीची गोडी आणि खुलेपणा घेऊन आला नाही. गेलेला आवाज परत मिळवण्यासाठी झगडत राहणे हा एक मार्ग होता. त्यांनी दुसरा धरला: जो आवाज उरला आहे त्याला साजेल अशी गायकी त्यांनी उभी केली, लयीशी गुंफलेल्या, वळणावळणाने जाणाऱ्या तानांची आणि अनवट रागांची, आणि तीच पुढे कोल्हापूरच्या दरबारातून सगळ्या महाराष्ट्रात पसरली. कुमार गंधर्वांनी क्षयामुळे देवासला अंथरुणावर काढलेली न गाण्याची पाच-सहा वर्षे आणि त्या काळात कानांवर पडत राहिलेली माळव्यातली लोकगीते हीदेखील याच जातीची गोष्ट आहे. त्या वर्षांत गळा बंद होता आणि कान उघडा होता.

हे सांगण्याचे व्यावहारिक कारण असे की, तुमच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणात शेवटच्या पाच मिनिटांत आवाज घासल्यासारखा येतो आणि श्वास वर, छातीत अडकतो. गाणे मागे पडते आहे या भीतीने तुम्ही जोर वाढवला असावा. काळी चारच्या, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या, मध्य षड्जावर स्थिर राहताना स्त्रीच्या स्वररज्जू सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा एकमेकींवर येतात. तार षड्जावर ती संख्या दुप्पट होते. या नाजूक पडद्यांवर दीड तास भीतीचा जोर देणे म्हणजे मेहनत नव्हे. आवाज आठ-दहा दिवसांत मोकळा झाला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या आणि ते सांगतील तितके दिवस गप्प राहा. मी स्वतः तिशीत दुखऱ्या गळ्याने गात राहिले आणि त्यामुळे माझ्या तार सप्तकातला एक पूर्ण स्वर कायमचा गेला.

रियाज कसा करावा हे तुमचे गुरुजी ठरवतील, मी त्यात ढवळाढवळ करणार नाही. एवढेच सुचवते की मोबाइलवरचा तानपुरा काही महिने बाजूला ठेवा आणि खरा तानपुरा, मग तो जुना किंवा उसना का असेना, स्वतःच्या हाताने लावायला शिका. सुरुवातीला अर्धा तास त्यातच जाईल आणि गाण्याचा वेळ वाया गेला असे वाटेल. जाऊ द्या. तो लागल्यावर पहिली दहा मिनिटे काहीही गाऊ नका. मग खर्जात, म्हणजे खालच्या सप्तकात, जोर न देता नुसता सूर लावून बसा. वर्षभर पेटी कमी करा आणि भूप सोडू नका. निदान सहा महिने दुसरा राग त्याच्या जागी आणू नका. आणि महिन्यातून एकदा अशा माणसासमोर गा, जो तुम्हांला खूश करण्यासाठी काही बोलणार नाही. अशी माणसे प्रत्येक गावात दोन-तीन असतात, बहुधा मागच्या रांगेत बसलेली, आणि बोलावल्याशिवाय ती पुढे येत नाहीत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही सत्तावीस वर्षांच्या आहात, नोकरी करता, आणि दिवसाचा दीड तास गाण्याला देता. पूर्ण वेळ मैफली गाणारी गायिका तुमच्यातून घडेल असे मला या ध्वनिमुद्रणांवरून वाटत नाही. त्यासाठी लागणारा वेळ आणि तयारी वेगळी असते, आणि तुमच्या मैत्रिणीपाशी कदाचित ती आहे. हे वाचून वाईट वाटेल, पण खोटी आशा दाखवली तर पाच वर्षांनी याहून अधिक वाईट वाटेल. मात्र व्यासपीठ मिळणार नसेल तर गाणे सोडावे, हा निष्कर्ष मी काढत नाही, आणि तुम्हीही काढू नये. माझ्या चौतीस वर्षांत सव्वाशेच्या वर विद्यार्थी येऊन गेले. त्यांतले चौघेजण मैफली गातात. उरलेल्यांपैकी एक परिचारिका आहे, रात्रपाळी संपवून आली की झोपण्याआधी वीस मिनिटे खर्ज लावते. एक द्राक्षबागायतदार आहे. एक गृहस्थ एस.टी.तून निवृत्त झाल्यावर एकसष्टाव्या वर्षी आले, त्यांना तानपुरा लावायला दोन वर्षे लागली, आणि तो पहिल्यांदा नीट लागला त्या दिवशी त्यांनी गायलाच नकार दिला. म्हणाले, ‘आज नुसते ऐकू द्या.’

तुमच्या बाबतीत माझा निर्णय दुसऱ्या ध्वनिमुद्रणातल्या सहाव्या मिनिटावरून झाला. तिथे तुम्ही पंचमावरून गांधारावर येता आणि तो अचूक लागतो. तबला पुढे जातो आहे, आवर्तन संपत आले आहे, मुखडा पकडायचा आहे, हे सगळे तुम्हांला ठाऊक असणार. तरीही तुम्ही दोन मात्रा अधिक त्या स्वरावर थांबता आणि सम चुकते. पाच वर्षांपूर्वीच्या तुम्ही ती सम चुकवली नसती. मी ते ठिकाण पाच वेळा ऐकले.

गाणे सोडू नका. तीन महिन्यांनी नवे ध्वनिमुद्रण पाठवा, आणि ते राग सुरू झाल्यापासून नको. तुम्ही तानपुरा मांडीवर घेऊन पहिली खुंटी पिळाल तेव्हापासून पाठवा.